जनुकं शाबूत, तरी जुळणी अडते

इन्व्हर्शन म्हणजे गुणसूत्राचा एक तुकडा तुटून उलटा जोडला जाणं. ‘इन्व्हर्शनमध्ये जनुकं हरवत नाहीत, मग शुक्राणू कमी कसे होतील?’ हा प्रश्न रास्त आहे. अडचण येते ती अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी-विभाजनात. तिथे आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र टोकापासून टोकापर्यंत एकमेकांशी जुळावं लागतं. एकावर क्रम अ-ब-क-ड-इ आणि दुसऱ्यावर अ-ड-क-ब-इ असेल, तर तेवढ्या भागाला वेटोळं घालावं लागतं. सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला, विभाजनात ओढला जाणारा भाग) त्या वेटोळ्यात असेल आणि तिथेच क्रॉसिंग ओव्हर (दोन गुणसूत्रांतली तुकड्यांची अदलाबदल) झालं, तर काही शुक्राणूंत एक तुकडा दुप्पट येतो, दुसरा गायब होतो. जुळणी नीट झालीच नाही, तर पेशी बरेचदा तिथेच थांबते आणि मरते. जुळणी नीट झाली का, ही पेशीची स्वतःची तपासणी पुरुषांत स्त्रियांपेक्षा कडक असते, म्हणून शुक्राणूंची संख्या घटते.

पण गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्ये ९ नंबरच्या गुणसूत्राचं नेहमीचं इन्व्हर्शन दिसलं म्हणून तेच कारण धरून बसू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ते साधारण १ ते ३ टक्के लोकांत असतं आणि सहसा सामान्य फरकच मानलं जातं. इतर कारणांचा शोध थांबवू नका. उलटलेला भाग गुणसूत्राच्या निम्म्याहून मोठा असेल, तर मात्र जेनेटिक समुपदेशकांना शुक्राणूंच्या फिश तपासणीबद्दल (चमकणारे रंग लावून शुक्राणूंतली गुणसूत्रं तपासणं) जरूर विचारा.