आजोबांची आणि त्यांच्या मित्रांची निवृत्तीनंतरची वर्षं कशी जपावीत?

मिरजकर_तिकटी:
आजोबा आणि त्यांच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या मित्रांवर घरच्यांसाठी छोटं पुस्तक करायचंय. नोकरी-लग्नापर्यंतचं सगळं आहे, पुढचं विस्कळीत. तारखा नसलेले फोटो, पोस्टकार्डं, कॅसेटी. दोन मित्र हयात आहेत, नव्वदीचे. सुरुवात कुठून करू?

जुना_बुधवार:
आधी त्या दोघांकडं जावा, फोटो थांबतील. सकाळी न्याहरीनंतर बसा, पाऊण तासाच्या वर नको. रेकॉर्डिंगचा फोन एअरप्लेन मोडवर, हातभर अंतरावर, खाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे टेबलाची टकटक येत नाही. पंखा बंद. त्याची घरघर नंतर काढायला गेलं की माणसाचा आवाजच पोकळ होतो.

"निवृत्तीनंतर काय केलं?" असं विचारलं तर "काय करणार, घरीच" एवढंच येतं. पहाटे कोण कुणाच्या दारात हाक मारायचं, गंगावेशीत दूध प्यायला थांबलं की पैसे कोण द्यायचं, हे विचारा. आधी वेगवेगळं, मग एकत्र. एकत्र बसले की एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करतात, ते ऐकण्यासारखं असतं. साल विचारू नका, "पुराआधी की नंतर?" असं विचारा आणि पूर कुठला, २००५, २०१९ की २०२१, ते पक्कं करून घ्या.

कॅसेट_आणि_कागद:
फोटोच्या कोपऱ्यातली केशरी तारीख बिनधास्त धरू नका. सेल बदलल्यावर कॅमेऱ्यातली तारीख पुन्हा लावायची राहून जायची. पोस्टकार्डावरचा पुसट शिक्का तिरक्या उजेडात वाचता येतो. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. ओढला की चेहराच काचेवर राहतो.

कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही खुंट आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग शेवटपर्यंत पुढं नेऊन परत गुंडाळा. आतली फेल्टची गादी गळाली असेल तर आवाज दबका येतो. तसं असेल तर फीत दुसऱ्या, स्क्रूनं उघडणाऱ्या कॅसेटच्या डबीत घाला. संगणकावर उतरवलेली मूळ प्रत वेव्ह (WAV) फाइलमध्येच ठेवा.

जुना_बुधवार:
एक राहिलं. शेवटच्या आजारपणाला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा देऊ नका. त्याआधी ही माणसं वीस वर्षं मजेत जगली, पुस्तक त्या वर्षांचं व्हावं. छापण्याआधी दोघांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि जे काढा म्हणतील ते काढा.