मागच्या भिंतीवरची कळलावी

मोहनकाका: मंडळी, मागच्या भिंतीवर लाल-पिवळ्या फुलांचा वेल चढलाय ना, त्याचा कंद कुणी खणून देईल का? खालचं वाचा.

मोहनकाका (फॉरवर्ड): कळलावीचा कंद उगाळून गुडघ्याला लावा, चिमूटभर चूर्ण पोटात घ्या. कितीही जुनी सांधेदुखी पळेल. उकळल्यावर विष निघून जाते. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाहीत!! 🙏🙏

रेखा: अगं बाई, हीच फुलं काल मुलींनी केसात माळली होती. विषारी आहेत का?

केदार: हो ताई, अख्खा वेल. कंदात आणि बियांत विष सगळ्यात जास्त. केसात माळून काही होत नाही, फक्त तोंडात घातली नव्हती ना? हात धुवायला सांगा.

रेखा: नाही, विचारलं लगेच.

केदार: पावसाळ्यात जंगलाच्या कडेला झुडपांवर चढलेली दिसते ही. पानाचं टोक तंतूसारखं वळतं, त्याच्याच आधाराने वर जाते. तामिळनाडूचं राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये तिकडच्या शाळकरी मुलांनी राजकन्या एलिझाबेथला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता.

मोहनकाका: ब्रोचचं राहू दे रे. तामिळनाडूत शेती करतात म्हणे याची. औषध नसतं तर केली असती का?

केदार: बियांसाठी करतात काका. त्यातून कोल्चिसिन काढतात, हिचं मुख्य विष तेच आणि मोजून दिलं तर औषधही तेच.

सेक्रेटरी: सूचना: टाकी धुणार असल्याने उद्या ११ ते २ पाणी बंद.

डॉ. सुजाता: काका, औषध आहेच. आयुर्वेदात हिला लांगली म्हणतात आणि उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत धरतात. आधी गोमूत्रात शोधन, म्हणजे शुद्धीची प्रक्रिया, मग वापर, तोही वैद्याने ठरवलेला. लोकवैद्यकात बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून बेंबीवर, तळपायांना लेप देत. पोटात गेलं तर गर्भवतीला फार धोक्याचं.
पण तुमचा गुडघा झिजलाय, आणि कोल्चिसिन देतात ते गाऊटला, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून ठणका लागतो त्याला. झीज त्याने भरून येत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सगळ्याला ‘सांधेदुखी’ म्हटलं की झालं!
दुसरं, गाऊटच्या गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम असं मोजून घातलेलं असतं. कंदात किती आहे ते चिमटीने कसं कळणार? गुण येण्याची मात्रा आणि बाधण्याची मात्रा यांत अंतर अगदी थोडं आहे. किडनी अधू असेल किंवा काही ठरावीक अँटिबायोटिक चालू असतील तर नेहमीची गोळीसुद्धा बाधते.

मोहनकाका: उकळून घेतलं तर?

डॉ. सुजाता: उकळून किंवा वाळवून कोल्चिसिन जात नाही. ते वाक्य त्या फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य आहे.

वैशालीवहिनी: आणि चुकून कुणी खाल्लंच तर? कंद रताळ्यासारखा दिसतो ना?

डॉ. सुजाता: दिसतो, आणि रताळं समजून खाऊन माणसं दगावलीही आहेत. घात असा होतो की लगेच काही वाटत नाही. काही तासांनी घसा-पोटात आग, उलट्या, जुलाब. मग एखाददुसऱ्या दिवसात किडनी, हृदय आणि रक्त तयार करणारा अस्थिमज्जा यांवर परिणाम. वाचलेल्यांचे केस पुढे आठवडा-दोन आठवड्यांनी गळतात. यावर हमखास मिळणारा उतारा नाही. त्यामुळे खाल्ल्याचा संशय आला की त्रास सुरू व्हायची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. वेलाचा तुकडा किंवा फोटो सोबत न्यायचा.

रेखा: सेक्रेटरीसाहेब, काढून टाका तो वेल. मुलं तिथंच खेळतात.

केदार: मारू नका हो. औषधासाठी कंद खणून खणून जंगलातली कळलावी आधीच कमी झालीय. मी हातमोजे घालून कंद काढतो आणि टाकीमागे जाळीच्या आत लावतो, तिकडे मुलं जात नाहीत.

रेखा: आणि बिया? शेंगा फुटल्या की लाल बिया बाहेर पडतात, लहान मुलं उचलणारच.

केदार: शेंगा धरल्या की हिरव्या असतानाच काढून घेईन.

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगला विषय घेतो. तोवर माळ्याला सांगितलंय, त्या वेलाला हात लावायचा नाही.

मोहनकाका: मग नुसता लेप तरी? वरूनच तर लावायचाय.

डॉ. सुजाता: नको काका, कच्च्या कंदाने कातडी भाजल्यासारखी होते. संध्याकाळी एक्स-रे घेऊन या माझ्याकडे, आणि तो फॉरवर्ड बाकीच्या ग्रुपवर टाकला असेल तर आधी तिथून डिलीट करा.

मोहनकाका: तीन ग्रुपवर टाकलाय. नातू क्लासहून आला की करायला लावतो.