मदत हवी आहे: कॉम्प्रेस केलेली फाइल उघडण्याआधी मूळ आकार खात्रीनं कसा कळेल?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरींचा कारखाना आहे. वडिलांच्या काळातले, हातानं चौकट न् चौकट रंगवलेले जॅकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे) ग्राफ पेपर आम्ही स्कॅन करून ठेवतोय. कागद घड्यांवर फाटायला लागलेत, पुढं हे स्कॅनच काय ते राहणार. सगळं टार करून (सगळ्या फायली एकाच फाइलीत गोळा करून) जीझिप या आकार लहान करणाऱ्या प्रोग्रॅमनं बांधलंय.

कारखान्यातल्या संगणकात जागा मोजकीच. म्हणून उघडण्याआधी 'जीझिप -एल'नं आकार बघितला, तर ३.१ जीबीच्या फाइलचा मूळ आकार १.२ जीबी दाखवतोय आणि बचतीची टक्केवारी चक्क उणे! फाइल खराब झाली की काय म्हणून धास्तावलो. पण 'जीझिप -टी'नं तपासली, तर ठणठणीत.

शोधल्यावर कारण सापडलं. १९९६ च्या आरएफसी १९५२ (जीझिपची रचना सांगणारा दस्तऐवज) प्रमाणं जीझिपच्या शेवटी आठ बाइट असतात, चार सीआरसी-३२ चे (फाइल बिघडली का हे तपासायचा आकडा) आणि चार मूळ आकाराचे. चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढचा आकडा मावत नाही, मोजणी परत शून्यापासून सुरू होते. आमचा टार ५.२ जीबीचा, त्यातले ४ गळाले.

नवीन साठा झेडस्टँडर्ड (झेडएसटीडी) या दुसऱ्या कॉम्प्रेशन प्रकारात करायचाय. पण टार पाइपनं थेट दिला (डिस्कवर फाइल न बनवता एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात सोडला) की 'झेडएसटीडी -एल' मूळ आकाराचा रकाना रिकामाच दाखवतं. पाइप ठेवूनही आकार नोंदवता येईल का, की एक्सझेड हा प्रकार घ्यावा? आणि जुन्या फायलींचं काय करू?

प्रतिसाद

झेडस्टँडर्डमध्ये आकार फाइलच्या सुरुवातीच्या हेडरात (माहितीच्या भागात) जातो आणि ती नोंद ऐच्छिक आहे. पाइपमधून किती येणार हे त्या वेळी त्याला ठाऊकच नसतं. '--स्ट्रीम-साइझ' देऊन आकडा आधी सांगता येतो, मात्र तो बाइट न् बाइट जुळला पाहिजे, नाहीतर एरर येते. म्हणून टार आधी एकदा 'डब्ल्यूसी -सी' या बाइट मोजणाऱ्या आज्ञेकडं पाठवून मोजून घ्या. फायलींच्या आकारांची नुसती बेरीज चालत नाही, टार प्रत्येक फाइलला ५१२ बाइटचं हेडर लावतो आणि मागं रिकाम्या बाइटांचा भरणाही करतो. जागा असेल तर सरळ टार फाइल बनवून मग कॉम्प्रेस करा, आकार आपोआप नोंदला जाईल.

एक्सझेडची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळं पाइपनंही आकार मिळतो, पण कॉम्प्रेस करायला वेळ बराच जातो. बीझिप२ या आणखी एका प्रकारात ही नोंदच नाही, त्या वाटेला जाऊ नका.

जुन्या फायली 'जीझिप -डीसी'नं उघडून 'डब्ल्यूसी -सी'कडं सोडा. डिस्कवर काही उतरत नाही आणि खरा आकडा मिळतो. जीझिप १.१२ पासून '-एल' स्वतःच फाइल उघडून मोजतं. तुमच्याकडची आवृत्ती नक्कीच त्याआधीची आहे, ती आधी बदला.