नापाची गाडी आणि उघडी बाटली (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

मेघना: शनिवारी नापाला (कॅलिफोर्नियातल्या वायनरींच्या खोऱ्यात) जायचं नक्की. एकूण १४ जण. पुण्याहून आत्या-काका आणि ओम (वय २०) येतायत, शिवाय चिन्मयची दोन लहान मुलं. फ्रीमाँटहून ड्रायव्हरसकट गाडी घेतोय. जाताना गाडीतच एक शॅम्पेन उघडायचा बेत आहे. भाड्याच्या गाडीत चालतं म्हणे. खरं ना?

मंदार: वहिनी, नुसत्या "भाड्याच्या" या शब्दावर जाऊ नका. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडचं कलम २३२२३ म्हणतं, उघडी बाटली ड्रायव्हरने किंवा प्रवाशाने जवळ बाळगायची नाही. २३२२५ म्हणतं, ती माणसं बसतात त्या भागात ठेवायचीही नाही. सूट येते २३२२९ मध्ये, आणि ती प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या बस, टॅक्सी आणि लिमोझिनमधल्या प्रवाशांना. मोटरहोमच्या राहण्याच्या भागालाही आहे. बास, एवढंच. रेंटल काउंटरवरून व्हॅन घेऊन घरचंच कोणी चालवणार असेल, तर कायद्याच्या लेखी ती आपल्या घरच्या गाडीसारखीच.

चिन्मय: उबर एक्सएल दोन केल्या तर?

मंदार: तिथे कायद्याचा कीस पाडायची गरजच नाही. उबर आणि लिफ्ट, दोघांच्याही नियमांत उघडी दारू बंद आहे. ड्रायव्हर राइड तिथेच थांबवू शकतो, वर अकाउंट जाऊ शकतं.

संगीता आत्या: अरे पण "उघडी" म्हणजे काय? बूच परत लावलं की झाली ना बंद?

ऋतुजा: नाही आत्या. बाटली उघडलेली असेल, सील तुटलं असेल किंवा आतलं थोडंसुद्धा कमी झालं असेल, तर ती उघडीच. बूच कितीही घट्ट बसवा. घरून व्हिस्की थर्मासात किंवा पाण्याच्या बाटलीत भरून आणली, तर तीही उघडीच, कारण कायद्यात बाटली, कॅन "किंवा अन्य कोणतंही भांडं" असं म्हटलंय. स्टीलचा थर्मास दिसायला सोज्वळ असतो, पण उपयोग नाही.

संगीता आत्या: मग तिथे अर्धी राहिलेली वाइन टाकून द्यायची?

ऋतुजा: टाकायची कशाला, डिकीत ठेवायची. ज्या गाडीला वेगळी डिकी नाही (आपल्या बहुतेक एसयूव्ही) तिथे माणसं बसत नाहीत अशा भागात, म्हणजे शेवटच्या सीटच्या मागे. कुलूपबंद पेटीही चालते. ग्लव्ह कंपार्टमेंट मात्र नाही. तो माणसं बसण्याच्या भागातच धरतात, आणि लोक हमखास तिथेच कोंबतात. दंड २५० डॉलरपर्यंत, वर कोर्टाचे आकार वेगळे लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष भरायचा आकडा मोठा असतो.

मेघना: म्हणजे लिमो घेतली की प्रश्न मिटला. दोन लिमो एसयूव्ही घेऊ?

मंदार: तिथेच तर गोम आहे. २३२२९.१ नीट वाचा. लिमोझिनमध्ये २१ वर्षांखालचा एक जरी प्रवासी असेल तर त्या गाडीपुरती सूट संपते आणि २३२२३, २३२२५ जसेच्या तसे लागू होतात. २१ च्या खाली नेमकं वय किती, हे कायदा बघत नाही. ओम असो की चिन्मयची पाच वर्षांची मुलगी, परिणाम एकच. मोठ्यांनीसुद्धा ग्लास धरायचा नाही. बाटली ठेवायची झाली तर गाडीतल्या कुलूपबंद कप्प्यात. बहुतेक लोकांना वाटतं मुलांनी प्यायली नाही म्हणजे झालं. तसं नाही, त्यांचं नुसतं गाडीत बसणं पुरे आहे.

चिन्मय: हे मला खरंच माहीत नव्हतं 😳

मंदार: म्हणून दोन पर्याय.
एक, मुलं आणि ओम चिन्मयच्या गाडीत (चिन्मय पिणार नाही हे धरून), बाकीचे दोन लिमोंत.
दुसरा, एकच १४ सीटची स्प्रिंटर (मोठी व्हॅन). कॅलिफोर्नियात लिमोझिन म्हणजे ड्रायव्हर धरून जास्तीत जास्त १० जणांची सेडान किंवा एसयूव्ही. ड्रायव्हर धरून १० पेक्षा जास्त माणसांची, भाड्याने चालणारी गाडी बसमध्ये मोडते. २३२२९.१ लिमोझिनपुरतं लिहिलंय, त्यामुळे बसच्या बाबतीत मामला पब्लिक युटिलिटीज कोड या दुसऱ्या कायद्याकडे जातो. कंपनीला बुकिंगच्या वेळी विचारावंच लागतं की दारू असणार का आणि २१ खालचं कोणी आहे का. दोन्हीला "हो" असेल तर किमान २५ वर्षांचा एक जबाबदार माणूस नेमून त्याची सही घेतात. २१ खालच्या कोणी प्यायली तर ड्रायव्हर सहल तिथेच संपवून गाडी परत फिरवू शकतो. भाडं अर्थात परत मिळत नाही.

काका: सही मी करतो. वयाची अट पूर्ण आहे 😄

मंदार: काका, सही करणाऱ्याने स्वतः हात आखडता घ्यावा ही अपेक्षा असते बरं. दिवसभर ओमवर आणि पोरांवर लक्ष ठेवायचं काम आहे.

काका: मग चिन्मयने करावी.

ऋतुजा: ओमबद्दल अजून एक. २३२२४ प्रमाणे २१ खालच्या प्रवाशाने गाडीत दारू जवळ बाळगणं हा मिसडिमीनर (छोटा फौजदारी गुन्हा) आहे, साधा ट्रॅफिक दंड नाही. सीलबंद बाटलीलाही हे लागू. आईवडील किंवा त्यांनी ठरवलेली प्रौढ व्यक्ती सोबत असेल तर सूट आहे, पण ती बाळगण्यापुरतीच. म्हणून आत्या, ड्युटी फ्रीची पिशवी ओमच्या सॅकमध्ये देऊ नकोस, तुझ्याच हातात ठेव. पुढच्या व्हिसाच्या अर्जात अटक किंवा शिक्षा झाली होती का, हा प्रश्न असतोच.

ओम: मी पीतच नाही 🙏

संगीता आत्या: बरं. आपल्याकडेही व्हिस्कीला २५ ची अट आहेच की, पाळतो कोण!

ऋतुजा: इथे पाळतात. वायनरीत टेस्टिंगला २१ पूर्ण असल्याचा पुरावा लागतो. पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट आणा. आधार कार्ड इथे ओळखपत्र म्हणून चालणार नाही.

मेघना: गाडीवाला परवानेवाला आहे हे ओळखायचं कसं? माझ्या ओळखीचा एक जण स्वस्तात स्प्रिंटर देतोय, पैसे झेलने (बँकेच्या ॲपवरून).

मंदार: नेमकी तीच गाडी घेऊ नका. परवाना नसेल तर २३२२९ ची सूटच नाही, मग ड्रायव्हर कितीही सफाईदार असो. तपासायचं असं: गाडीवर टीसीपी (भाड्याने प्रवासी नेण्याच्या परवान्याचा) क्रमांक असतो, तो आधी मागून घ्या आणि कॅलिफोर्निया पब्लिक युटिलिटीज कमिशनच्या साइटवर टाका. परवाना चालू आहे की निलंबित, ते दिसतं. निलंबनाचं नेहमीचं कारण म्हणजे विम्याची मुदत संपणं, आणि बुकिंगच्या दिवशी चालू असलेला परवाना सहलीच्या दिवशी निलंबित असू शकतो. म्हणून शुक्रवारी परत एकदा बघा. विमाही विचारा. ७ सीटपर्यंत साडेसात लाख डॉलर, ८ ते १५ सीटला १५ लाख, त्याहून मोठ्या गाडीला ५० लाख, हा किमान आकडा आहे. विम्याचं प्रमाणपत्र मागितल्यावर जो आढेवेढे घेतो त्याला सोडा. ड्रायव्हरकडे त्या दिवसाचं वेबिल (फेरीच्या नोंदीचा कागद) असायला हवं, त्यावर बुकिंग करणाऱ्याचं नाव आणि निघायची जागा असते.

किरण (एडिसन): आमच्या न्यू जर्सीत अजून वेगळं. तिथे सूट चार्टर किंवा स्पेशल बस आणि लिमोझिन सेवेला आहे, टॅक्सीचं नावच नाही. गाडीत पिताना सापडलात तर पहिल्यांदा २०० डॉलर, दुसऱ्यांदा २५० किंवा दहा दिवस समाजसेवा. कॅलिफोर्नियाचा नियम ऐकून इकडे कोणी टॅक्सीत बिअर उघडू नका.

मंदार: बरोबर, राज्यागणिक बदलतं. १९९८ च्या केंद्रीय कायद्यात साचा दिलाय आणि पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या गाड्यांतल्या प्रवाशांना सूट द्यायची मुभा ठेवलीय, पण ती किती द्यायची ते राज्य ठरवतं. मिसिसिपीत तर राज्यभर लागू असा कायदाच नाही. आपण मात्र नापात आहोत.

मेघना: ठरलं, स्प्रिंटर, पण परवानेवाली. आणखी काही?

ऋतुजा: तीन बारीक गोष्टी. ग्लास हातात घेऊन खाली उतरायचं नाही, सूट गाडीच्या आत आहे, पार्किंगमध्ये शहराचे नियम लागू. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बाटली नको, कोणी पाहिलं तर ड्रायव्हरवरच संशय जातो. आणि काचेचे ग्लास नकोत. सांडलं-फुटलं तर कंपनी साफसफाईचे पैसे लावते, करारात आकडा आधी बघून घ्या.

मंदार: वायनरीला गाडीचा आकारही कळवा. बऱ्याच ठिकाणी १४ जणांना आधी बुकिंग लागतं आणि मिनीबस आत घेत नाहीत. बाहेरची दारू तर बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणजे शॅम्पेन पार्किंगच्या आधी संपवा किंवा गाडीतच राहू द्या.

चिन्मय: सही मी करतो. मुलांची कार सीट मीच आणीन, स्प्रिंटरवाल्याला बसवता येते का ते विचारून ठेवा.