मदत हवी आहे: चॅनेलचा प्रेक्षक गळतोय, आधी कुठला स्लॉट धरायचा?

नमस्कार मंडळी, मी एका मराठी मनोरंजन चॅनेलच्या प्रोग्रामिंगमध्ये आहे, नाव नाही सांगत, नोकरी टिकवायचीय. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले की ऑफिसात सुतक. वर्षभर घसरण चालूय आणि आता वरून फर्मान आलंय, संध्याकाळच्या पाचही मालिका गुंडाळा आणि एकाच सोमवारी पाच नव्या आणा.

मला हे काही पटत नाहीये. जो तो स्टार प्लसचं २००० साल तोंडावर फेकतो, ३ जुलैला केबीसी आलं आणि चॅनेल फिरलं. अहो पण त्याच दिवशी साडेदहाला 'क्योंकि सास भी...' पण सुरू झाली होती, नऊला बसलेलं घर रात्री उशिरापर्यंत तिथंच राहील अशी सोय केलेली ना ती! आणि आमच्याकडे बच्चन कुठाय, एपिसोडचं बजेटच कापतायत. पाच नव्या मालिका म्हणजे पाचांची एपिसोड बँक, आधीच शूट करून ठेवलेले भाग, ते पण पावसाळ्यात.

आमची साडेसातची मालिका बरी चालते, आठला मात्र ग्राफचा कडेलोट. ग्राफ तरी कशाला हवा, परवा सांगलीला मावशीकडे होतो, साडेसातची संपून जाहिराती लागल्या तशी ती उठली, कुकर लावून आली आणि रिमोट घेऊन थेट दुसऱ्या चॅनेलवर. म्हटलं का गं? तर म्हणे, "तुमच्या आठच्या पोरीचं लग्न चार महिने ठरतंय नि मोडतंय, मला बीपी आहे बाबा."

माझं म्हणणं एवढंच, साडेसातला हात लावू नका, फक्त आठची बदला आणि दोन्हींच्या मध्ये ब्रेकच नको, एक संपली की लगेच दुसरीचा सीन. आठचा स्लॉट जमला की मग नऊचं बघू.

कोणी असं करून बघितलंय का? आठची लीप घेऊन, म्हणजे गोष्ट काही वर्षं पुढे नेऊन, वाचेल की नवीच आणावी? आणि साहेब म्हणतात लोक अ‍ॅपवर बघतात म्हणून आकडे पडले, पण मग साडेसातची कशी टिकली? सोमवारी मीटिंग आहे, त्याआधी सांगा प्लीज.

ता. क. मावशीची मालिका कुठली ते विचारू नका, लगेच ओळखाल.