‘चेम्मीन’चं संगीत त्या किनाऱ्याचं आहे का?

दर्यावर्दी:
रामू करिआट यांचा ‘चेम्मीन’ (१९६५) हा केरळच्या मच्छीमार किनाऱ्यावर घडणारा मल्याळम चित्रपट पुन्हा पाहिला. मल्याळी लेखक तकळींच्या कादंबरीवरचा हा चित्रपट थोरच आहे. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा दक्षिणेतला पहिला चित्रपट. पण सलील चौधरींचं संगीत कितीही गोड असलं तरी मला ते त्या किनाऱ्याचं वाटत नाही. यातला नायक परीकुट्टी हा मुसलमान मासळी व्यापारी. करिआट यांनीच पी. भास्करन यांच्यासोबत केलेल्या ‘नीलक्कुयिल’मध्ये (१९५४) संगीतकार के. राघवन यांनी जाळं टाकणाऱ्याचं गाणं अस्सल माप्पिळा (केरळी मुसलमानांच्या लोकगीतांच्या) चालीत बांधलं आणि स्वतः गायलं होतं. असा माणूस हाताशी असताना मुंबईहून संगीतकार आणायची गरज काय होती?

निळाई:
साफ असहमत. राघवन यांचं ते गाणं खट्याळ आहे. इथे परीकुट्टी रात्री किनाऱ्यावर एकटा ‘मानसमैने वरू’ म्हणत करुत्तम्माला, हिंदू कोळ्याच्या मुलीला, साद घालतो. ती आपली होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तिथे नाचरा ठेका चाललाच नसता.

दर्यावर्दी:
निळाईताई, माप्पिळा गाणी म्हणजे नुसता ठेका नव्हे. त्या परंपरेत पत्ररूपातली विरहगीतंही आहेत.

खारा वारा:
माझा आक्षेप गायकावर आहे. मन्ना डे माझे अतिशय आवडते, त्यांच्या पत्नीही मल्याळी. तरी उच्चार परके वाटतातच. येसुदास याच चित्रपटात ‘कडलिनक्करे पोणोरे’ इतकं सुंदर गायलेत, मग हे गाणं त्यांना का नाही दिलं?

निळाई:
कारण मन्नादांच्या आवाजात जो थकवा आहे तो तेव्हाच्या कोवळ्या येसुदासांकडे नव्हता. आणि आपलं ‘मी डोलकर’ लताबाईंबरोबर बंगाली हेमंतकुमार गायले, तेव्हा कुठे आपण उच्चार तपासत बसलो?

दर्यावर्दी:
पण ‘मी डोलकर’ची चाल हृदयनाथांची आणि शब्द शान्ताबाईंचे. दोघंही आपल्याच मातीतले. माझी तक्रार गायकाबद्दल नाही, चालीबद्दल आहे. ‘चेम्मीन’मधल्याच ‘पुत्तन वलक्कारे’ या गाण्यात गीतकार वयलार रामवर्मा पुन्नप्रा, पुरक्काड ही आलप्पुळाकडची गावं नावानिशी घेतात, मासळीची रास लागल्याचं सांगतात. त्या शब्दांत किनारा पुरेपूर आहे. चालीतही तो असायला हवा होता, एवढंच म्हणतोय.

निळाई:
त्याच गाण्यातला कोरस हेडफोन लावून ऐका. एकामागून एक आवाज मिसळत जातात, सगळा किनारा कामाला लागलाय. मला तरी त्यात पुरक्काडच ऐकू येतं.