दोन फायबर लाइन: ऑफिसचा लॅपटॉप एका लाइनवर, बाकी घर दुसऱ्या

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मिरजेत घरी दोन लाइन आहेत. एक जुनी केबलवाल्याची, १०० एमबीपीएस. दुसरी बायकोच्या ऑफिसच्या पैशातून घेतलेली, ५० ची. तिचे क्लायंट कॉल संध्याकाळी साडेसातला सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच बाबांची मालिका, पोराचं गेम डाउनलोड. दोन्ही लाइन टीपी-लिंक ईआर६०५ या दोन लाइन घेणाऱ्या राउटरला जोडल्यात. दुकानदाराने लोड बॅलन्स चालू करून दिला. तेव्हापासून तिचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) मध्येच तुटतो, बँकेच्या साइटवर ओटीपी टाकला की सेशन संपतं. काल एका कॉलमध्ये तीनदा बाहेर फेकली गेली. नंतर किती वेळ नुसती गप्प बसून होती, मला बघवेना. तिचा लॅपटॉप नव्या लाइनवर आणि बाकी सगळं जुन्या लाइनवर, एवढंच हवंय. नवी लाइन गेली तर मात्र तिचं काम जुन्यावर चालू राहिलं पाहिजे.

रात्रपाळी:
दादा, आधी लोड बॅलन्स बंद करा. त्यात एक कनेक्शन या लाइनने जातं, पुढचं त्या लाइनने. बँकेला एकाच लॉगिनमागे दोन आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिसतात, म्हणून ती बाहेर काढते. तुम्हाला हवंय ते पॉलिसी रूटिंग, म्हणजे कोणतं उपकरण कोणत्या लाइनने जाईल ते ठरवणं. लॅपटॉपचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून द्या. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम मॅक (उपकरणाचा बदलता ओळखक्रमांक) बंद हवा, नाहीतर बांधलेला आयपी सुटतो. मग नियम लिहा: सोर्स लॅपटॉप, वॅन (बाहेरचं इंटरनेट येतं ती बाजू) नवी लाइन. मोड 'प्रायॉरिटी' ठेवा. 'ओन्ली' ठेवलंत तर नवी लाइन गेली की लॅपटॉपचंही नेट गेलं. त्याखाली बाकी घराचा नियम, जुन्या लाइनचा.

कृष्णाकाठ:
सगळं केलं, फरक शून्य. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच लाइनने जातायत. राउटरच्या यादीत एकच उपकरण दिसतंय, १९२.१६८.०.१००. घरात तर अकरा आहेत! लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.१.५ आहे.

तांब्याची_तार:
गाठ तिथेच आहे, दादा. तुमचा वायफाय राउटर स्वतःच नॅट करतोय. अकराही उपकरणं त्याच्याआड आहेत, ईआर६०५ ला तो एकटाच दिसतो. मग नियम लागणार कोणाला? त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.०.२ करा, डीएचसीपी (उपकरणांना आयपी वाटणं) बंद करा आणि केबल वॅन पोर्टातून काढून लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावा. लॅपटॉपचा आयपी नव्याने बांधावा लागेल. शिवाय दोन्ही ओएनटींचं (घरात फायबर जिथे येते त्या डब्यांचं) स्वतःचं वायफाय बंद करा. पोराचा फोन परस्पर तिथे जोडला गेला तर तुमचा एकही नियम त्याला लागणार नाही. आमच्याकडे यातच दोन रविवार गेले होते.

रात्रपाळी:
ताई बरोबर सांगतायत, हे मी आधी विचारायला हवं होतं. अजून एक. बाहेर रस्त्यावर फायबर तुटली तरी ओएनटी ते राउटर ही केबल शाबूतच असते, त्यामुळे राउटरला लाइन चालू वाटू शकते. ऑनलाइन डिटेक्शनमध्ये ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला पिंग लावा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते राउटर तपासत राहील.

कृष्णाकाठ:
झालं! यादीत अकराच्या अकरा दिसतायत. काल कॉलच्या आधी नव्या लाइनची पिवळी वायर मुद्दाम काढून पाहिली. व्हीपीएन तुटला, पण थोड्या वेळात जुन्या लाइनवरून पुन्हा जोडला गेला. वायर परत लावली. रात्रीचा कॉल दीड तास चालला, एकदाही तुटला नाही, आणि बाहेर बाबांची मालिकाही सुरू होती. ताई, केबल वॅन पोर्टातच होती. दोघांचे मनापासून आभार, बायकोकडूनही.